रविवारच्या डब्यातले अक्रोड

ताईच्या टेबलावर कुणा दुसरीचीच बशी होती.

धाकटीला ती दारातूनच दिसली. एरवी हल्ली तिला दारातून फारसं काही दिसत नसे. समोरून येणारं माणूस ओळखीचं आहे की नाही, हे ते बोलेपर्यंत कळायचं नाही. पण पोट दुखायचंच असलं, की देव तेवढ्यापुरती दृष्टी देतो. निळ्या काठाची बशी, तिच्यावर जाळीचं झाकण आणि झाकणाखाली कुकीज. चॉकलेट चिप्सच्या. धाकटीच्या हातात तिचा स्वतःचा डबा होता, दर रविवारी असायचा तोच, आणि त्यातही चॉकलेट चिप्सच्याच कुकीज होत्या, अक्रोड घातलेल्या, अजून कोमट. तो डबा टेबलावर ठेवायचं सोडून तिने पोटाशी धरला, जणू कुणी हिसकावून नेणार होतं.

बशी कुणाची, हे तिने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं. ताईने रुमाल तोंडाशी धरूनच सांगितलं, की वरचीने आणून दिल्यात, चांगल्या झाल्यात, एखादी खाऊन बघ.

वरची म्हणजे ताईच्या वरच्या मजल्यावर राहणारी. चाळिशीची, चष्म्याच्या दुकानात नोकरीला, एकटीच, चपला वाजवत जिना उतरणारी. जाता-येता ताईच्या दारात डोकवायची, औषधं आणून द्यायची. तेवढं ठीक होतं. शेजाऱ्याला धरून राहावं असं देवानेच सांगितलंय. पण ते ‘चांगल्या झाल्यात’ धाकटीला बोचलं. इतक्या वर्षांत ताईने तिच्या कुकीजना एकदाही चांगल्या म्हटलं नव्हतं. तशी गरजच पडली नव्हती. घरच्या पाण्याला कुणी चांगलं म्हणतं का?

ताई चहा ठेवायला आत गेली, तशी धाकटीने जाळी उचलली. बशीच्या कडेला एक अर्धी खाल्लेली कुकी होती. तिने ती खिडकीपाशी नेली, नाकाला लागेल इतकी जवळ धरली आणि सोनार हिरा पारखतो तशी पारखली. दातांची खूण सरळ होती, पट्टीने कापल्यासारखी. ताईच्या पुढच्या दोन दातांत लहानपणापासून फट. तिने पेरू चावला की मधोमध बारीक उंचवटा राहायचा, त्यावरून घरात चोर पकडला जायचा. इथे उंचवटा नव्हता. म्हणजे हा घास ताईचा नव्हेच. म्हणजे वरची इथे खुर्चीत बसून खाते, गप्पा मारते, अर्धी टाकून जाते, आणि ताई तिचं उष्टंसुद्धा जाळीखाली झाकून ठेवते.

धाकटीने कुकी होती तशी ठेवली. चहा आला तेव्हा तिने साखर घेतली नाही. ताईने कारण विचारलं, तर म्हणाली, गोड पुरे झालं आजच्यापुरतं.

धाकटी आता साठीच्या पुढे गेली होती, पण नाव धाकटीच राहिलं होतं. दोघीच बहिणी. तिचा नवरा लवकर देवाघरी गेला, मूलबाळ झालं नाही. उमेदीची सगळी वर्षं तिने शर्टाच्या कारखान्यात, तो बंद पडेपर्यंत, काजं करण्यात घालवली. पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याचं काज, दिवसभर, खिडकीकडे पाठ करून. काज चुकलं तर शर्ट वाया जातो, बटण चुकलं तर फक्त बटण जातं, असं ती नव्या मुलींना सांगायची. त्या कामाने तिला दोन गोष्टी दिल्या. एक म्हणजे डोळ्यांचा ऱ्हास, जो ती कबूल करत नसे. आणि दुसरी म्हणजे कुकीज.

कारखान्यातल्या सुपरवायझरबाई वर्षातून एकदा स्वतःच्या हातच्या कुकीज आणून वाटायच्या. धाकटीने त्यांच्या पाठीमागे लागून कृती मिळवली आणि मग तिच्यात स्वतःचं इतकं घातलं, की बाईंनीच एकदा उलट तिला विचारलं. लोणी आदल्या संध्याकाळी बाहेर काढून ठेवायचं. बोट बुडालं पाहिजे पण वितळलेलं नको. तपकिरी साखर जास्त, पांढरी कमी. दोन्ही लोण्याबरोबर फेटायच्या, हात भरून येईपर्यंत, आणि हात भरून आला की देवाचं नाव घेऊन आणखी थोडं. मग अंडं, व्हॅनिला, मैदा, खायचा सोडा, मीठ. मिठावर तिचा फार कटाक्ष होता. मीठ नसलेलं गोड म्हणजे नुसती खुशामत, असं तिचं म्हणणं. पीठ रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. सकाळी गोळे करून ट्रेवर लांब लांब ठेवायचे, कारण एकमेकींना चिकटल्या की दोघींचा आकार जातो. कडा लाल झाल्या आणि मधला भाग कच्चाच दिसत असला तरी ट्रे बाहेर. ‘उरलेलं ती आपलं आपण शिजते,’ असं ती ट्रेकडे बघून म्हणायची. तिच्या ओव्हनचं दार नीट लागत नसे. फडक्याची घडी खोचून ते बसवावं लागे, आणि ती घडी कुठल्या कोपऱ्यात खोचायची हे तिच्याशिवाय कुणाला जमत नसे.

आणि अक्रोड. अक्रोड ती कोरडेच भाजायची आणि हातानेच तोडायची. सुरीने चुरा होतो, हाताने तुकडा होतो. त्यामागे नुसती चव नव्हती.

लहानपणी त्यांच्या घरी सालासकट अक्रोड यायचे ते वडिलांच्या मालकाकडून, कधीतरी, कागदाच्या पिशवीतून. फोडायला घरात काही धड नव्हतं. दाराच्या फटीत धरून फोडले तर दार खिळखिळं होतं म्हणून आई ओरडायची. तेव्हा ताई अक्रोड दाढेखाली धरायची, डोळे मिटायची आणि कटकन आवाज यायचा. साल दोन वाट्यांसारखं वेगळं व्हायचं आणि आतला गर अख्खा निघायचा, कुठे टवका नाही. तो अख्खा गर धाकटीचा. ताई सालाला चिकटलेले कण खायची. दात पडतील, म्हातारपणी रडशील, असं आई म्हणायची, आणि ताई सगळे दात काढून हसायची. पुढे ती स्टेशनवर तिकीटखिडकीत बसायला लागली तेव्हाही तिचं हसू रांगेच्या टोकापर्यंत पोचायचं. लग्नात, बारशात, अगदी कुणाच्या मयताहून परत येतानासुद्धा माणसं म्हणायची, ताई हसली की बरं वाटतं. त्या दातांचा ताईला अभिमान होता, आणि ताईहून जास्त धाकटीला.

म्हणून रविवारचा डबा. म्हणून त्यात अक्रोड, अर्धा गर एकेका कुकीत, दिसेल असा वर खोचलेला. दोघींमध्ये याबद्दल कधी बोलणं झालं नव्हतं. फेड होती ती, पण फेड म्हटली की तिची किंमत होते.

आता ताई एकटी होती. मुलगा दूर देशी, फोनवर गोड. मागच्या हिवाळ्यापूर्वी ठरलं होतं, की ताईने धाकटीकडे राहायला यावं. मागची खोली रिकामीच होती. सकाळचं ऊन यायचं. धाकटीने पलंग हलवला, भिंत रंगवून घेतली, पडदे शिवले. ताई म्हणाली होती, पडदे लागले की येते. पडदे लागले. मग धाकटीला छातीत कफ झाला आणि डॉक्टरांनी तिला कित्येक आठवडे घराबाहेर पडू दिलं नाही. त्याच दिवसांत ताईचं हिरड्यांचं दुखणं निघालं. फोनवर ती म्हणाली, एक दाढ काढली, वरची घेऊन गेली होती दाताच्या डॉक्टरकडे, आता बरं आहे. तेव्हापासून ताईचं येणं लांबतच गेलं. आधी म्हणाली थंडी आहे. मग म्हणाली बिलं भरायची आहेत. मग म्हणाली, खिडकीतल्या खारीला माझी सवय झालीय गं, ती काय करेल?

खारीचं ते खरं होतं. ताईच्या खिडकीला लागून झाड होतं आणि त्यावरची एक खार चौकटीवर येऊन बसायची. गंमत म्हणजे ती नेमकी रविवारी, धाकटीची रिक्षा फाटकाशी थांबली की यायची. ताई म्हणायची, तुझी वाट बघते ती. ऐकून धाकटीला बरं वाटायचं. निदान खार तरी.

पण खारीसाठी कुणी बहिणीला टाळत नाही, हे धाकटीला समजत होतं. आणि आता बशी बघितल्यावर सगळं स्पष्ट झालं. ताई राहत होती ती वरचीसाठी. ताई हल्ली कमी बोलायची, शब्द घोळवत बोलायची, हसली तर रुमालाआड हसायची. धाकटीला वाटलं, दोघींचं काहीतरी आपसातलं आहे आणि ते माझ्यासमोर उघडं पडू नये म्हणून तोंड झाकतेय. आपल्या पाठच्या बहिणीपुढे कुणी तोंड झाकतं?

त्या रात्री झोपण्यापूर्वी तिने रोजच्यासारखे हात जोडले. सगळ्यांचं भलं मागून झालं तरी वरची शिल्लक राहिली. देवापुढे खोटं बोलायचं नाही असा तिचा नेम होता. म्हणून ती म्हणाली, ‘देवा, वरचीचंही भलं कर. पण जरा लांब नेऊन कर. दुसऱ्या गावात तिला चांगली नोकरी लागू दे.’

पुढच्या रविवारपासून धाकटीच्या डब्यातले अक्रोड वाढले.

आधी अर्ध्याच्या जागी अख्खा गर गेला. मग वर एक आणि आत एक. मग आत दोन. वरचीच्या कुकीजमध्ये अक्रोडाचं नावनिशाण नव्हतं, हे तिने बशीतली एक चावून बघून ठरवलं होतं. नुसता भुरका रंग, कुठे काही दाताखाली येत नाही, म्हाताऱ्यांना भरवायचा पदार्थ. ताईला ती दाखवून देणार होती, हात सैल सोडणं म्हणजे काय ते. दुकानदाराने अक्रोड तोलता तोलता विचारलं, घरी कार्य आहे का. ती म्हणाली, कार्यच समजा. पीठ इतकं गच्च भरलं, की गोळे वळता येईनात. भाजून निघालेली कुकी म्हणजे मुठीत धरलेले खडे. ट्रेवरून काढताना त्यांचा आवाज व्हायचा.

ताईने एकदाही तक्रार केली नाही. एक कुकी घ्यायची, चहात बराच वेळ बुडवायची, तोंडात धरायची आणि गालात घोळवत राहायची. धाकटी समोर बसून बघत असायची, जेवढं दिसेल तेवढं. मग ताईला हटकून आत काहीतरी आठवायचं, गॅस नाहीतर नळ, आणि ती उठायची. परत आली की तोंड रिकामं. डबा पुढच्या रविवारी धुतलेला, रिकामा मिळायचा. धाकटी मनात म्हणायची, हरली वरची.

पण निळ्या काठाची बशीही दर रविवारी टेबलावर असायची. आणि ताई काही यायचं नाव घेईना.

एकदा जिन्याच्या पायथ्याशी वरचीच समोर आली. आधी चपला ऐकू आल्या, मग आवाज.

“धाकट्या मावशी, बरं झालं भेटलात. एक सांगू का?”

धाकटीला ते ‘धाकट्या मावशी’ मुळातच आवडत नसे. ताईची मी धाकटी. हिची मी कोण?

“सांग.”

“अक्रोड जरा बारीक करून घालत जा ना. मिक्सरला फिरवून. मी तसंच करते.”

वरची सांगताना इकडेतिकडे बघत होती, जीभ चाचरत होती, आणखी काहीतरी ओठांवर होतं. धाकटीला ते दिसलं नाही. दिसलं असतं तरी तिने त्याचा तिला हवा तोच अर्थ लावला असता.

“मी कुकीज करायला लागले तेव्हा तू पाळण्यात होतीस,” ती म्हणाली. “आणि मिक्सरला फिरवलेला अक्रोड म्हणजे अक्रोडाची राख. आमच्या ताईला अक्रोड कसा लागतो ते मला नको शिकवू.”

वरची निघाली. मग जाता जाता तिने आणखी चूक केली. म्हणाली, मावशी, दुकानात या ना एकदा, डोळे तपासून देते, तुम्ही मघाशी माझ्याकडे न बघता खांबाकडे बघत होतात. धाकटीने तिला सुनावलं, की मला अजून सुईत दोरा ओवता येतो. तो तिला ओवता येत नव्हता. गेले कित्येक महिने ती ब्लाउजचं बटणसुद्धा शेजारच्या मुलीकडून लावून घेत होती. पण वरचीच्या हातून चष्मा घालून घेण्यापेक्षा जग धुकट दिसलेलं बरं.

घरी येऊन मात्र तिला चैन पडेना. आज कुकीज, उद्या डोळे. ही बाई माझी ताईही घेणार आणि वर मलाच म्हातारी ठरवणार. तिने मागच्या खोलीचे पडदे काढले आणि दुसरे शिवायला घेतले, ताईला आवडणाऱ्या हळदी रंगाचे. चार वेळा बोटाला सुई टोचली. पडदे झाले तशी ती रविवारची वाटच बघू शकली नाही. मधल्याच एका दिवशी, सकाळी, डबा नाही, फोन नाही, हातात पडद्याचा एक तुकडा घेऊन ताईकडे निघाली. आज सोक्षमोक्ष. येतेस की नाही ते सांग, आणि येत नसशील तर कुणासाठी नाही ते सांग.

ताईचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत मोरीत पाण्याचा आवाज येत होता. धाकटीने हाक मारली नाही. चालून आणि चिडून तिचा घसा सुकला होता. टेबलावर पाण्याने भरलेला ग्लास होता. तिने तो उचलला आणि तोंडाला लावला.

काहीतरी काचेवर खुळखुळलं आणि तिच्या वरच्या ओठाला टेकलं.

तिने ग्लास खाली घेतला, खिडकीपाशी नेला आणि नाकाजवळ धरला, त्या दिवशी कुकी धरली होती तसाच. आत दात होते. वरचे, खालचे, सगळे. सरळ, पांढरे, एकासारखा एक, कुठे फट नाही. ताईचं हसू पाण्यात बुडवून ठेवलं होतं, आणि ते ताईचं नव्हतं.

खिडकीच्या चौकटीवर खार आली होती. आज रविवार नाही, हे विसरून आली असावी. ती कुंडीच्या मागे गेली आणि पुढच्या दोन पायांत काहीतरी धरून कुरतडायला लागली. धाकटीने हात घालून चाचपलं. कुंडीच्या मागे अक्रोड होते. अख्खे गर, चहाने तपकिरी झालेले, वाळलेले, काहींना चॉकलेट चिकटलेलं, पण दाताची खूण एकावरही नाही. आठवड्यांचे अक्रोड. तिच्या हातचे.

मोरीचं दार वाजलं. ताई टॉवेलने तोंड पुसत बाहेर आली आणि थांबली. तिने पटकन टॉवेल पुन्हा तोंडाशी नेला. मग धाकटीच्या एका हातातला ग्लास पाहिला, दुसऱ्या हातातले अक्रोड पाहिले, आणि टॉवेल खाली सोडला. गाल आत गेले होते. हनुवटी नाकाच्या जवळ आली होती. दोघींची आई शेवटी जशी दिसायची, तशी ती दिसत होती.

“सगळे?” धाकटीने विचारलं.

ताईने मान डोलावली. मग हळूहळू सांगितलं. दाढ एक काढायची म्हणून गेली होती. डॉक्टर म्हणाले, बाकीचेही हलतायत. कवळी बसवली, पण ती टोचते. मऊ काही असलं तर खाता येतं, अक्रोड आला की उचकटते. तोंडात धरून ठेवायची, आत जाऊन हातात काढायची आणि धाकटीची नजर चुकवून खिडकीत टाकायची. खार खूश होती.

धाकटीच्या मनात सगळे रविवार एकामागून एक उभे राहिले. गॅस, नळ, रुमाल. ती अक्रोड वाढवत गेली होती आणि इथे एकेक रविवार बहिणीच्या हिरडीत रुतत गेला होता. ती सरळ घासाची खूणही तिला आता कळली. पण माणसाचं मन असं, की इतक्या दुःखातही ते आपलंच गाऱ्हाणं शोधून काढतं.

“वरचीला माहीत होतं,” ती म्हणाली.

“तिच्याबरोबर तर गेले होते.”

“तिला सांगितलंस. मला नाही.”

ताई खुर्चीत बसली. दातांशिवाय तिचे शब्द हवेत विरत होते, पण धाकटीने एकही सोडला नाही.

“तिच्यासमोर मी कधी अक्रोड फोडला नव्हता गं.”

खार कुरतडत होती, तेवढाच आवाज. मग धाकटीने ग्लास टेबलावर ठेवला, अगदी जपून, आणि पडद्याचा तुकडा त्याच्या शेजारी ठेवला. विचारलं, की म्हणून येत नव्हतीस का? ताई म्हणाली, म्हणूनच. तुझ्या घरी रोज काढून कुठे ठेवू हे? सकाळी उठलीस की तूच आधी बघणार. मुलाने बघितलं तर म्हातारी झाली म्हणेल, वरचीने बघितलं तर काहीच म्हणणार नाही. तू बघितलंस तर तुला वाटेल, की आपली ताई गेली.

धाकटीला रडू आलं आणि त्यातच हसूही फुटलं. ती म्हणाली, “मला दिसलं असतं कुठे? मला तो पाण्याचा ग्लास वाटला. मी प्यायला लावला तो.”

ताई खुर्चीत पुढे सरकली. मग तिने खात्री करायला विचारलं, “तोंडाला?”

“तोंडाला.”

ताई हसली. रुमाल नाही, हात नाही. आत काहीच नव्हतं, नुसतं गुलाबी तोंड, तान्ह्या बाळासारखं. धाकटीने खुर्ची ओढून जवळ घेतली, म्हणजे नीट दिसेल.

मग तिनेही सांगून टाकलं. सुईत दोरा जात नाही. पडद्याची शिवण वाकडी आहे, ती दिसते का बघ. रिक्षातून उतरताना फाटक शोधावं लागतं. ताईने तुकडा हातात घेऊन शिवण पाहिली आणि म्हणाली, कारखाना बंद पडला ते बरंच झालं.

दातांचं सांगून झालं, डोळ्यांचं झालं. आता एकच जिना राहिला होता, आणि तो चढणं धाकटीला सगळ्यांत अवघड होतं. वरचीने दार उघडलं तेव्हा तिच्या हाताला पीठ लागलेलं होतं. धाकटीने कृती मागितली नाही. ती म्हणाली, की अक्रोड कसे फिरवतेस ते मला बघायचंय. कसं कळलं, असं काही न विचारता वरची बाजूला सरली. ती कच्चेच अक्रोड मिक्सरला लावत होती. धाकटीला राहवलं नाही. आधी भाज, गार होऊ दे, मग थोडं थोडं फिरव, नाहीतर तेल सुटतं, असं तिने सांगितलं. वरचीने तसं केलं. भाजलेल्या अक्रोडाचा वास ताईच्या दारापर्यंत उतरला. त्या भुकटीने पीठ मऊसूत झालं, आणि धाकटीला चरफडत मान्य करावं लागलं, की राखेला चव असते.

चष्मा वरचीच्याच दुकानातून आला. तो घालून धाकटीने पहिल्यांदा वरचीकडे नीट पाहिलं. बाईच्या डोळ्यांखाली काळं होतं, केस अर्धे पांढरे, आणि ती आपल्याकडे थोडं घाबरूनच बघत होती. एवढ्याशा बाईचा मी इतके महिने मत्सर केला, असं धाकटीला वाटलं. लगेच असंही वाटलं, की तरी दात गेलेल्या ताईला आधी तिनेच पाहिलं, आणि ते मी कधी परत मिळवू शकणार नाही. चष्म्याने ते धुकं गेलं नाही.

ताई आली. हळदी पडदे लागले, शिवण वाकडीच राहिली, ताईने ती उसवू दिली नाही. कवळीचा ग्लास स्वयंपाकघरात, खिडकीच्या फळीवर ठेवायचा असं ठरलं, आणि त्याला लाल झाकण, म्हणजे कुणी पिऊ नये. शेजारीच धाकटीचा चष्मा. खारीसाठी ताई हळहळत होती, तेव्हा वरचीने तिला फोनवर सांगितलं, की कुंडीमागे रोज अक्रोड ठेवते मी, चिंता नको. ताईचा चेहरा उजळला. धाकटी ओव्हनच्या दारात फडक्याची घडी खोचत होती; तिने ती नेहमीपेक्षा जरा जोरात खोचली.

पहिल्या रविवारी वरची पाहुणी म्हणून आली. बशीत धाकटीच्या कुकीज होत्या, अक्रोड भाजून, भुकटी करून घातलेले. वर दिसायला काही खोचलेलं नव्हतं. पृष्ठभाग उघडाबोडका, हे तिला अजून सहन होत नव्हतं. ताईने एक उचलली, चहात न बुडवता चावली. दोघी तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

“मऊ झालीय,” ताई म्हणाली. “पण वरचीच्या जरा...”

“वरचीच्या जरा काय?” धाकटीने विचारलं.

ताईने वरचीकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं, आणि ती हसायला लागली, मोठ्याने, तिकीटखिडकीतल्यासारखी. हसता हसता कवळी सैल झाली आणि दात एकमेकांवर आपटून कटकन आवाज आला. धाकटीने तो ओळखला. तिने बशीतली दुसरी कुकी उचलून ताईच्या हातात ठेवली आणि म्हणाली, पुन्हा खाऊन बघ आणि मग सांग.

त्या रात्री हात जोडताना तिने वरचीचं भलं मागितलं, आणि लांब नेऊन कर म्हणाली नाही. फक्त तिच्या कुकीज अधूनमधून कडेने जरा करपू देत, एवढंच म्हणाली. देवापुढे खोटं बोलायचं नाही, हा नेम तिने कधी मोडला नव्हता.